चिकपेटची पिछाडी

के. आर. पुरम
४ एप्रिल २०२५

अण्णा,

नमस्कार-चमत्कार गाळते. चार वर्षांनी लिहिताना ‘तुझी प्रकृती बरी असेल’ असं लिहिलं, तर तू पहिल्याच ओळीला हसशील. प्रकृती बरी आहे हे मला भार्गवीवहिनीकडून कळत असतं. तू माझा नंबर बंद करून टाकलास हेही तिनेच सांगितलं. म्हणून कागद. फौजेतून मी तुला अशीच पत्रं लिहायचे आणि तू तीन ओळींत उत्तर द्यायचास, त्यातली एक हवामानाची असायची.

हे पत्र आज पोस्टात पडणार नाही, पुढची काही पडणार नाहीत. मोहीम चालू असताना बाहेर काही लिहायचं नाही ही सवय अंगात मुरली आहे. लिहून ठेवायचं आणि काम संपलं की एकगठ्ठा पाठवायचं.

काम कोणतं ते सांगते. मी फौज सोडल्यावर ज्या कंपनीत लागले ती काय करते हे तुला ठाऊक आहे, कारण तू तिला शिव्या देतोस. शिंपी मोबाइलवर अस्तर, फॉल, बटणं, दोरे मागवतो आणि दुसऱ्या दिवशी माल त्याच्या दारात येतो. म्हणजे आपल्या हयवदन मॅचिंग सेंटरमध्ये बाबांनी जे केलं आणि तू जे करतोस तेच, फक्त दुकान नाही आणि ‘या, बसा’ नाही. नियोजनाचं खातं माझ्याकडे आहे. कंपनीचा मालक अद्वैत. पुण्याचा, हुशार, बोलायला गोड. त्याला लढाईच्या शब्दांची भारी हौस. आमच्या मीटिंगच्या खोलीला ‘वॉर रूम’ म्हणतात. नव्या योजनेचं नाव ‘ऑपरेशन कात्री’. तिच्यात लिहिलं आहे की श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाआधी चिकपेटचा कापडबाजार घ्यायचा, आणि चिकपेट घ्यायचं म्हणजे तिथलं अस्तराचं सगळ्यात मोठं दुकान बंद पाडायचं. ते कुणाचं, हे तुला मी सांगायला नको.

त्यांच्या तक्त्यात तुझं नाव नाही. तिथे तू ‘टी-वन’ आहेस, टार्गेट वन. आपलं आडनाव एकच, पण अद्वैतला आडनावं वाचायची सवय नाही. त्याने तुझ्या दुकानाचे फोटो उपग्रहावरून पाहिलेत, गल्लीत मात्र एकदाही पाऊल टाकलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं चालू आहे.

मी त्याला सांगितलं की फौजेत योजना आधी खेळून बघतात. एक बाजू निळी, ती आपली. एक बाजू लाल, ती शत्रूची. लाल बाजूवाल्याने मनापासून शत्रू व्हायचं असतं. त्याने जिंकण्यासाठीच खेळायचं, नाहीतर खेळाला अर्थ नाही. अद्वैत खूश झाला. म्हणाला, “सुपर, मॅम! मग रेड तुम्हीच व्हा ना. युनिफॉर्मवाल्या इथे तुम्ही एकट्याच.”

मी हो म्हटलं. टी-वन माझा सख्खा भाऊ आहे, हे सांगितलं नाही. नकार दिला असता तर प्रियदर्शनीला लाल केलं असतं. ती चांगली मुलगी आहे, पण तिने तुला दुपारपर्यंत हरवलं असतं आणि जेवायला गेली असती. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःशी म्हणते.

सुलभा

के. आर. पुरम
१२ एप्रिल २०२५

अण्णा,

आज वॉर रूममध्ये चिकपेट उभं केलं. फौजेत याला सँड मॉडेल म्हणतात. जमिनीवर वाळूत आख्खा मुलूख करायचा, डोंगर, ओढे, रस्ते, आणि मग सगळ्यांनी भोवती उभं राहून बोलायचं. अद्वैतला स्लाइड हव्या होत्या. मी म्हटलं, स्लाइडवर चढ दिसत नाही. गालिचावर वाळू नको म्हणून ऑफिसच्या बाईंनी ताडपत्री आणि रांगोळी आणून दिली. गल्ल्या रांगोळीच्या, दुकानं रिळांची, मेट्रो स्टेशन म्हणून एक टिफिनचा डबा. लोक चपला काढून आत आले. मी सांगितलं नव्हतं.

मग पहिला प्रश्न विचारला, उद्दिष्ट काय? अद्वैतच्या कागदावर पाच होती. मी सांगितलं की फौजेत उद्दिष्ट एकच असतं. दोन झाली की अर्धे लोक एका टेकडीवर मरतात आणि अर्धे दुसरीवर. प्रियदर्शनीने लिहून घेतलं. बिचारी मी बोललेलं सगळंच लिहून घेते. मला हेही सांगायचं होतं की लढाईत दोनच बाजू असतात, धंद्यात मात्र तिसरी असते, तिला शिंपी म्हणतात, आणि तो कुणाच्याच बाजूचा नसतो. पण ते लाल बाजूचं हत्यार आहे, म्हणून राखून ठेवलं.

ताडपत्रीवर तुझ्या दुकानाचं रीळ ठेवताना चार वर्षांपूर्वीचं ते आठवलं. तुझ्याही लक्षात असेल. फौज सोडून मी दुकानात आले होते, आठवडाभर बसले होते, आणि एका दुपारी शिंप्याच्या खडूने फरशीवर आपलं नवं गोदाम काढलं होतं. चिकपेटातून बाहेर, लॉरी थेट दाराशी लागेल असं. दोन दारं, एकातून माल आत, दुसऱ्यातून बाहेर, म्हणजे येणारा जाणाऱ्याला आडवा येत नाही. रोज खपणारे रंग दाराजवळ, सणाचे आत, वर्षभर कोणी विचारत नाही ते माळ्यावर. मध्यभागी, दोन्ही दारं दिसतील अशा जागी, कोटाचं मोठं बटण ठेवलं होतं. ते तू. शेजारी शर्टाचं पांढरं बटण. ती मी.

तू गल्ल्यावरून उठलास, कोपऱ्यातला झाडू घेतलास आणि सगळं झाडून टाकलंस. यल्लाप्पासकट सगळ्या नोकरांसमोर म्हणालास, “फौजेत पीठ-मीठ वाटत होतीस. ते वेगळं, धंदा वेगळा. चिकपेट सोडून जाणारा अजून जन्माला यायचाय आपल्या घरात.”

पीठ-मीठ हे खरंच आहे. मी रसद खात्यातली. लढणाऱ्यांना आटा, डिझेल आणि मोजे पोचवणं हेच माझं काम होतं. पण ते तुझ्या तोंडून, त्या सुरात ऐकून मला फार लागलं. मी चप्पल घातली आणि मेट्रोत बसले. तू फरशी झाडतच होतास.

सुलभा

के. आर. पुरम
२० एप्रिल २०२५

अण्णा,

काल चिकपेटला आले होते. लाल सेनापतीने स्वतःचा मुलूख तरी पाहून यावा, असं कारण मी ऑफिसात दिलं. ते खोटं नव्हतं.

तुझ्यासमोरच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर, खांबाआड बसले. तिथून आपलं दुकान पुरतं दिसतं. वेटर म्हणाला, “कॉफीना, अक्का?” मी मान हलवली. त्याने कमी साखरेची आणली. मी सांगितलं नव्हतं, पण मला तशीच लागते, म्हणून गप्प प्यायले.

आधी वाटलं, दुकान जोरात आहे. पुढची सगळी कपाटं गच्च. पिवळा, राणी, मोरपंखी, सगळे रंग उजेडात. वरच्या मजल्यावरही दिवे. रेडिओ मोठ्याने. आणि तू स्वतः काउंटरवर उभा राहून अस्तर फाडत होतास आणि हसत होतास. मोठ्याने. माझी कॉफी तिथे थांबली. अण्णा, तू दुकानात हसत नाहीस. बाबाही हसत नसत. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला लुटलं, असं ते म्हणायचे.

मग नीट पाहिलं. हातगाड्या भरून बाहेर पडत होत्या आणि रिकाम्या परत येत होत्या. या दिवसांत उलटं असायला हवं, ट्रान्सपोर्टकडून माल आत यायला हवा. एका बाईला आकाशी रंगाचा पूर्ण तागा हवा होता, तर तू तिला पाच मीटरवर राजी केलंस. तू, जो पाच मीटरवाल्याला तागा विकतो! पायरीवर यल्लाप्पा नव्हता. आपल्या लहानपणापासून त्या पायरीवर तो नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. आणि वरच्या मजल्यावर, जिथे दिवे होते, तिथे बराच वेळ एकही माणूस हलला नाही.

हे मी आधी पाहिलेलं आहे. राजस्थानात एका सरावात माझं हेच काम होतं. आपलं दळ मागे निघून जायचं, आणि शत्रूला ते कळू नये म्हणून थोडी माणसं मागे ठेवायची. त्यांना पिछाडी म्हणतात. पिछाडीने आवाज करायचा, धूर करायचा, सगळे इथेच आहेत असं भासवायचं. मला आठ-दहा रिकाम्या लॉऱ्या दिल्या होत्या. त्यांच्या मागे बाभळीच्या फांद्या बांधून दिवसभर गोल गोल फिरवल्या. धूळ इतकी उडाली की समोरच्यांना वाटलं, कुमक आली.

तू दुकान हलवतो आहेस. कुठे ते मला माहीत नाही, पण माल गेलेला आहे, माणसं गेलेली आहेत, आणि तू एकटा पिछाडीला बसून धूळ उडवतो आहेस. का, तेही कळतं. गिरण्या बाबांच्या नावावर आणि तुझ्या तोंडावर उधार माल देतात. भीमसेन चिकपेट सोडतोय अशी कुजबुज निघाली की त्या सणाचा माल अडवतील, आणि शिंपी सणाआधीच दुसरं दुकान धरतील. नीट घेतलेली माघार आणि पळापळ यांत फक्त एवढ्याच कुजबुजीचं अंतर असतं. फौजेत हल्ल्यापेक्षा माघार अवघड मानतात.

आता माझी पंचाईत बघ. हे मी अद्वैतला सांगितलं तर तो ते बाजारात पसरवेल, हल्ला करायचीही गरज नाही. नाही सांगितलं तर तो भाव पाडून तुझ्यावर येईल, आणि तुझ्याकडे लढायला मागे काहीच नाही. दोन्हीकडून तू जातोस.

बिल द्यायला गेले तर वेटर म्हणाला, झालं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं बिल त्याने माझं समजून घेतलं. मी वाद घातला नाही.

सुलभा

के. आर. पुरम
७ मे २०२५

अण्णा,

खेळ झाला. दोन दिवस चालला. निळी बाजू प्रियदर्शनीकडे, पंच अद्वैत.

प्रियदर्शनीने पहिल्याच फेरीत भाव पाडले, घरपोच फुकट केलं आणि जयनगरचे, बसवनगुडीचे शिंपी घेतले. ताडपत्रीवर निळी बटणं भराभर पुढे आली. लाल बाजूची पाळी आली तेव्हा मी खुर्चीवरून उठून जमिनीवर मांडी घालून बसले. तसं बसल्याशिवाय तू मला सुचत नव्हतास.

मग मी तू झाले. “देतो की,” म्हटलं. “तुमच्या साडीशी रंग जुळला नाही तर अस्तर परत घेतो. कापलेलं असलं तरी घेतो.” प्रियदर्शनी म्हणाली, यात लाल बाजूचं नुकसान आहे. मी म्हटलं, माझा रंग चुकतच नाही, तुमचा मोबाइलवर चुकतो. मी घेतो म्हटलं की शिंपी तुमच्याकडेही तेच मागणार. पुढच्या फेरीत पंचांनी फासे टाकले आणि निळ्या बाजूकडे परत आलेल्या मालाचा ढीग झाला. मग मी शिंप्यांच्या संघाच्या देवीला साडी नेसवली. शिंप्यांच्या मुलींच्या लग्नात जेवायला गेले. सणाच्या आदल्या आठवड्यात दुकान पहाटेपासून उघडं ठेवलं. तुझं जे जे मी पाहिलं होतं ते सगळं वापरलं, आणि तू न केलेलंही तुझ्या नावावर केलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुमाराला निळी बाजू मेट्रोच्या डब्यापर्यंत मागे रेटलेली होती.

खरं सांगते, मला मजा आली. तुझ्यासारखं बोलताना बरं वाटलं. चार वर्षांत मी तुला एवढा वेळ ऐकलं नव्हतं.

अद्वैत ताडपत्रीच्या कडेला उकिडवा बसला होता. म्हणाला, “मॅम, सीरियसली, हा माणूस इतका डेंजरस आहे?”

“आहे,” मी म्हटलं.

‘होता’ म्हणायला हवं होतं. मी त्या दोन दिवसांत खेळले तो दहा वर्षांपूर्वीचा भीमसेन. आजचा भीमसेन रिकाम्या मजल्यावर दिवे लावून बसला आहे हे मला ठाऊक होतं. मी माझ्या लॉऱ्यांना फांद्या बांधल्या आणि धूळ उडवली. फरक इतकाच की तेव्हा समोर शत्रू होता आणि आता ज्यांच्याकडून मी पगार घेते ते होते.

योजना बदलली. चिकपेटच्या नादी लागायचं नाही, त्याला बगल द्यायची. शहराच्या पूर्वेला, जिथे जुने दुकानदार नाहीत, तिथे आधी मोठा तळ टाकायचा आणि तिथले शिंपी बांधून घ्यायचे. म्हणजे तुला आता सणापर्यंत कोणी हात लावणार नाही. घरी येऊन मी केशरी भात केला आणि एकटीने खाल्ला.

सुलभा

के. आर. पुरम
२५ मे २०२५

अण्णा,

आज सकाळी वहिनी माझ्या दारात उभी. हातात पेढ्यांचा डबा. तुला सांगून आली नव्हती.

“चल की जरा, एक जागा दाखवायची आहे,” म्हणाली. “ते आज चिकपेटला आहेत. तू बघितलीस म्हणून सांगणार नाही मी.”

रिक्षा केली. मला वाटलं लांब जायचं असेल. जुन्या मद्रास रस्त्यावर माझ्या घरापासून पाच-सात मिनिटं गेलो असू, तेवढ्यात तिने थांबवली. मोठी शेड. नवा रंग. दाराला आंब्याच्या पानांचं सुकलेलं तोरण.

आत गेले आणि उभी राहिले. दोन दारं. एकावर ‘आत’, दुसऱ्यावर ‘बाहेर’, कन्नडमध्ये आणि खाली मराठीत, तुझ्या अक्षरात. दाराजवळ पांढरं, काळं, लाल, मातकट. सणाचे रंग आत. माळ्यावर तो शेवाळी, जो बाबांनी घेतला होता आणि अजून कुणी विकत घेतलेला नाही. मध्ये, दोन्ही दारं दिसतील अशा जागी, तुझं टेबल. शेजारी आणखी एक टेबल, लहान.

यल्लाप्पा शिडीवरून उतरला. मला वाकून नमस्कार करायला लागला, मी धरला. विचारलं, ते दुसरं टेबल कुणाचं?

“गोत्तिल्ला, अक्का,” म्हणाला. ठाऊक नाही. “यजमान म्हणाले ठेव, ठेवलं. कुणी बसत नाही. धूळ पुसतो मी रोज.”

मी वहिनीकडे पाहिलं. ती पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडत होती. मला रडू आलं, अण्णा. यल्लाप्पासमोर आलं, याचं मला काही वाटलं नाही.

पण हे सांगायला आजचं पत्र नाही. बाहेर आले, डोळे पुसले, आणि रस्त्याच्या पलीकडे पाहिलं. मोकळं आवार, निळा पत्रा, फाटकावर ‘भाड्याने देणे आहे’. तो पत्रा मी ओळखते. गेल्याच आठवड्यात अद्वैतने त्याचे फोटो वॉर रूमच्या भिंतीवर लावले आहेत. पूर्वेचा मोठा तळ तो तिथेच टाकणार आहे, तुझ्या दारासमोर.

म्हणजे रिकाम्या टेकडीवर चालून जाणाऱ्या फौजेला मी घाबरवून उठवलं आणि तुझ्या नव्या तळावर नेऊन बसवलं. रसदवालीने सेनापतीचं सोंग आणलं की असं होतं. तुला आगीतून फुफाट्यात टाकण्याचं काम इतक्या पद्धतशीरपणे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

परत आत गेले. पेढा खाल्ला. चांगला होता.

सुलभा

के. आर. पुरम
४ जून २०२५

अण्णा,

सोमवारी अद्वैतच्या खोलीत गेले आणि दार लावलं. म्हटलं, टी-वन माझा भाऊ आहे. लाल बाजू मी प्रामाणिकपणे खेळले नाही. जे दाखवलं ते वाढवून दाखवलं. तुमची नवी योजना त्या खेळावर उभी आहे, तेव्हा ती धरून चालू नका.

तो पेन फिरवत राहिला. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

“तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर मी तुम्हाला रेड केलंच नसतं,” म्हणाला.

“म्हणून सांगितलं नाही.”

“आय ट्रस्टेड यू, मॅम. प्रियदर्शनी तर तुमच्या नोट्स पाठ करते.”

मी राजीनामा टेबलावर ठेवला, कार्ड ठेवलं, लॅपटॉप ठेवला. प्रियदर्शनी तिच्या जागेवर मान खाली घालून बसली होती, तिच्याकडे पाहवलं नाही. तिची माफी मागायला हवी होती. मागेन.

अद्वैत लिफ्टपर्यंत आला. मुलगा वाईट नाही. “एक सांगा,” म्हणाला, “तुमचा भाऊ खरंच तसं लढला असता?”

“चाळिशीत असता तर लढला असता,” मी म्हटलं.

हे बोलले आणि त्याचे डोळे बदललेले दिसले. नजर पूर्वेकडून उठली आणि परत चिकपेटकडे गेली. म्हातारा आहे, थकला आहे, आधीचीच योजना बरी होती, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. लिफ्टचं दार लागलं. मी ते वाक्य चुकून बोलले की ठरवून, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तू विचारू नकोस.

आता त्यांची योजना काय आहे हे मला माहीत नाही, आणि कोणी सांगणारही नाही. म्हणून ही पत्रं तुला पाठवायला मोकळी झाले. यात जी योजना आहे ती मेलेली आहे. पण चेहऱ्यांवरून अंदाज बांधायला मला शिकवलं आहे, आणि माझा अंदाज असा की ते चिकपेटवर येतील, सणाच्या आधी, भाव पाडून, सगळ्या जोराने. येऊ देत. तिथे दिवे आहेत, रेडिओ आहे आणि पुढची कपाटं आहेत. त्यांचा सगळा जोर तिथे खर्च होईल तेवढ्यात उरलेला माल आणि शिंपी नव्या जागी पोचायला हवेत. शिंप्यांना हाताला धरून नेणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. ते तुझ्या तोंडाकडे बघून येतात. तुला इकडे मद्रास रस्त्यावर असायला हवं.

म्हणजे चिकपेटच्या पिछाडीला दुसरं कुणीतरी हवं. तू त्या कामात वाईट आहेस, अण्णा. तू फार मोठ्याने हसतोस. मला ते शिकवलेलं आहे, आणि सध्या मला नोकरीही नाही. गल्ल्यावर मला बसू दे. शेवटचा तागा निघेपर्यंत बसेन, शटर ओढेन आणि मग येईन. पिछाडी सगळ्यात शेवटी येते. ती येईपर्यंत तिची जागा कुणाला देत नाहीत, एवढा नियम फौजेत पाळतात.

हा गठ्ठा उद्या वहिनीच्या हाती देते. नाही म्हणायचं असेल तर काही लिहू नकोस, मी समजेन. हो म्हणायचं असेल तर दुकानाची किल्ली वहिनीकडे ठेव.

सुलभा

चिकपेट
९ जून २०२५

सुलू,

पत्रं मिळाली. दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचली. सकाळी ऊन, संध्याकाळी स्वल्प पाऊस.

माघार, पिछाडी हे तुझे शब्द तुझ्याकडं ठेव. माझे गुडघे गेलेत, वरच्या मजल्याचा जिना चढवत नाही, म्हणून हलतोय. हत्ती गेला, शेपूट राहिलंय. बाकी तू लिहिलंस ते सरी, बरोबर आहे. हसणं जमत नाही मला, भार्गवीपण तेच म्हणते.

समोर हॉटेलात खांबाआड बसून दुकान बघत होतीस. फौजेत लपायला शिकवत नाहीत काय? कॉफी मी सांगून पाठवली होती, साखर कमी घाल म्हणून.

किल्ली वहिनीकडं ठेवत नाही. उपयोग नाही. शटर जड झालंय, एकट्यानं उचलवत नाही. उद्या नऊच्या आत ये. एका बाजूनं तू धर.

अण्णा